दुखत नव्हती, म्हणून राहू दिली

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी अंघोळ करताना डाव्या स्तनात, वरच्या अंगाला काखेकडे, बोटाखाली काहीतरी सटकलं. परत चाचपलं तर सापडेना, मग हात डोक्यावर घेऊन बघितलं तर लागलं. भिजवलेल्या वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, घट्ट, आणि बोट ठेवलं की बाजूला पळणारं. दुखत अजिबात नव्हतं. बाहेरून लेक हाका मारत होती, तिची रिक्षा आली होती, मी अंगावर पाणी घेतलं, साडी नेसले आणि डबा भरायला गेले.

अकरा दिवस मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. रोज सकाळी गाठ चाचपायची, आज लहान वाटतेय म्हणून बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी मोठी वाटतेय म्हणून पोटात गोळा यायचा. मी ४१ वर्षांची, शिकलेली, मुलांना विज्ञान शिकवणारी बाई, घरात आत्याचं स्तनाच्या कॅन्सरचं सगळं आजारपण डोळ्यांनी बघितलेलं, तरी अकरा दिवस गप्प बसले. ज्यांनी असलं काही बघितलंच नाही त्या किती दिवस अंगावर काढत असतील हा विचार डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहायला बसलेय.

आत्याचं आधी सांगते कारण माझी भीती तिथूनच आली होती.

आत्याला गाठ लागली ती होळीच्या सुमारास, तेव्हा ती ५८ वर्षांची. दुखत नाही ना, मग काय एवढं, असं म्हणून तिने राहू दिली. मग पेरण्या आल्या, मग वारी आली, वारी तिने कधी चुकवलेली नाही, मग गणपती, मग सोयाबीनची काढणी. दिवाळीचा नवा ब्लाऊज घालून बघताना तिने हात वर केला आणि माझ्या आतेबहिणीला दिसलं की एका जागी कातडीला आत खळी पडलीये, गालाला पडते तशी. तोपर्यंत गाठ आवळ्याएवढी झाली होती, आणि माझी जशी पळायची तशी ती पळत नव्हती, एका जागी रुतून बसल्यासारखी होती. म्हणजे आठ महिने गेले. दुखत असती तर आठ दिवसांत गेली असती डॉक्टरकडे.

आणि इथेच आपली सगळ्यांची समजूत उलटी आहे बघा. आपल्याकडे दुखणं म्हणजे आजार. पण स्तनातलं दुखणं बहुतेक वेळा पाळीच्या आधीच्या सुजेचं असतं नाहीतर साध्या कारणाचं असतं, आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. म्हणजे दुखते म्हणून पळत जायचं आणि दुखत नाही म्हणून घरी बसायचं हे दोन्ही हिशेब चुकीचे. गाठ लागली की दाखवायची, दुखो न दुखो.

आत्याच्या बाबतीत दुसरी चूक झाली ती जास्त लागली मनाला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले छोटी गाठ आहे, काढून टाकू, दोन टाके पडतील, दुपारी घरी. ना मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, ना सोनोग्राफी, ना सुईने तुकडा काढून तपासणी. सगळ्यांना वाटलं बरं झालं, सुटलो. काढलेली गाठ तपासायला पाठवा म्हणून आतेबहिणीने हट्ट धरला म्हणून ती पॅथॉलॉजीला गेली, आणि रिपोर्ट आला की कॅन्सर आहे आणि कापलेल्या कडेपर्यंत आजार आहे, म्हणजे आत अजून शिल्लक.

मग मुंबई. परळचं टाटा मेमोरियल, १९४१ सालापासूनचं हॉस्पिटल, गर्दी एवढी की पहिल्या दिवशी नुसती फाईल काढून तपासणीपर्यंत पोचायलाच संध्याकाळ झाली. तिथे पहिल्यांदा मागितला तो ब्लॉक. आम्हाला माहीतच नव्हतं ब्लॉक म्हणजे काय. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, काडेपेटीपेक्षाही लहान, प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार पट्टीवर, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच्यावरच होतात. आतेबहीण परत गावाकडे गेली, लॅबमधून तो ब्लॉक आणि काचा म्हणजे स्लाईड्स मागून घेतल्या आणि रात्रीच्या एसटीने पर्स पोटाशी धरून मुंबईला आली. तुम्हाला कुणाला अशी वेळ आली तर लॅबमधून ब्लॉक आणि स्लाईड्स मागायचा तुम्हाला अधिकार आहे एवढं लक्षात ठेवा, आणि गाठ कुठेही काढा, कितीही साधी वाटो, ती तपासायला गेलीच पाहिजे.

तिथल्या डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, आधी सुई घातली असती तर एकदाच ऑपरेशन झालं असतं, आता परत करावं लागेल. आरडाओरडा नाही, कुणाला नावं ठेवणं नाही. पण आत्याच्या डोळ्यांत मी तेव्हा जे बघितलं ते विसरता येत नाही.

तर मला गाठ लागल्यावर माझ्या डोक्यात हे सगळं होतं. बाराव्या दिवशी मोठ्या नणंदेचा फोन आला, गौरींचं काय काय आणायचं ते विचारायला, आणि मला बोलता बोलता रडूच फुटलं. वन्सं दोन मिनिटं गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, वहिनी, गौरी गेल्या उडत, उद्या कोल्हापूरला जायचं, मी येते बरोबर. आणि आल्या. नवऱ्याला त्या रात्री सांगितलं, तो काही बोलला नाही, नुसता माझी जुनी कागदपत्रं शोधत बसला रात्री एकपर्यंत.

कोल्हापूरच्या सर्जन मॅडमनी आधी अर्धा तास नुसतं विचारलं. कधी लागली, पाळीबरोबर लहानमोठी होते का, पाळी कितव्या वर्षी आली, मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं, निपलमधून पाणी किंवा रक्त येतं का, हार्मोनच्या गोळ्या घेतल्या का, घरात कुणाला होता का. मी म्हटलं आत्याला, पण ती वडिलांकडची, ते धरत नसतील. त्या म्हणाल्या धरतात, आईकडचं जेवढं धरतो तेवढंच वडिलांकडचंही धरतो, जनुकं दोन्हीकडून येतात. पण साठीच्या आसपास एकाच बाईला झाला म्हणजे घराण्यात आहे असं होत नाही, बऱ्याच जणींना, तेही कमी वयात, किंवा स्तनाचा आणि अंडाशयाचा दोन्ही घरात असेल तर जनुकांची तपासणी सांगतात. विज्ञान शिकवून मला हे एवढं साधं सुचलं नव्हतं.

मग त्यांनी तपासलं, बसवून, झोपवून, हात वर करून, दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याच्या हाडाच्या वर. म्हणाल्या, हाताला फायब्रोॲडिनोमा वाटतेय, म्हणजे साधी गाठ, पण माझ्या हाताला वाटणं म्हणजे निदान नाही. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. हाताची तपासणी, फोटो म्हणजे मॅमोग्राफी नाहीतर सोनोग्राफी, आणि सुई. तिन्ही एकच सांगत असतील तर आपण निवांत, एक जरी वेगळं बोललं तर परत शोधायचं.

मॅमोग्राफीचं ऐकून होते त्यापेक्षा ती खूपच सोपी निघाली. दोन पाट्यांमध्ये दाबतात ते काही सेकंद, दाब बसतो, तोंडातून आवाज निघतो, पण लगेच सुटतं. पाळी झाल्यावरच्या आठवड्यात गेलात तर कमी दुखतं. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावायचा नाही कारण त्याचे कण फोटोत कॅल्शियमसारखे दिसू शकतात. तरुण मुलींचा स्तन दाट असतो, फोटोत सगळंच पांढरं दिसतं आणि गाठही पांढरी, म्हणून तिशीच्या आतल्यांना बहुतेक आधी सोनोग्राफीच करतात. माझ्या वयाला दोन्ही केलं. आणि एक महत्त्वाचं, हाताला गाठ लागतेय पण मॅमोग्राफी नॉर्मल आली तर तिथे थांबायचं नाही, काही गाठी मॅमोग्राफीत दिसतच नाहीत.

सोनोग्राफीवाल्या मॅडम चांगल्या होत्या, स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. साधी गाठ सहसा आडवी असते, रुंदीला जास्त, कड गुळगुळीत. वाईट गाठ पुष्कळदा उभी वाढते आणि कडा वेड्यावाकड्या असतात. नुसतं पाणी भरलेली असेल तर आतून काळीभोर दिसते, तिला सिस्ट म्हणतात, साधी सिस्ट असली तर काही करावं लागत नाही, फार ठणकत असली तर सुईने पाणी काढतात आणि ती तिथल्या तिथे बसते. माझी आडवी होती, १६ मिलीमीटर, पण एका बाजूची कड जराशी लाटेसारखी दिसत होती. म्हणून रिपोर्टवर लिहिलं बायरॅड्स ४ ए.

हा बायरॅड्सचा आकडा वाचून बायका गूगल करतात आणि झोप उडवून घेतात, मीही घेतली. तो कॅन्सरचा स्टेज नाही, आधी हे डोक्यात बसवा. फोटो बघून शंका किती वाटते त्याची ती पायरी आहे. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे नक्की साधं, ३ म्हणजे बहुतेक साधं, कॅन्सर निघायची शक्यता १०० त २ पेक्षा जास्त नाही, सहा महिन्यांनी परत बघू. ४ म्हणजे सुई घालून बघितलंच पाहिजे, त्यात ए, बी, सी, आणि ए मध्ये १०० त २ ते १० एवढीच शक्यता. ५ म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर शंका. ० म्हणजे काहीच वाईट नाही असं समजू नका, फोटो पुरेसे नाहीत, अजून काढा असं ते सांगतात.

मग सुई. आईचा फोन आला होता आदल्या रात्री, म्हणाली सुई नको घालून घेऊ गं, सुई लागली की ती खवळते आणि पसरते. हे माझ्या आईला तिच्या आईने सांगितलेलं असणार, आपल्याकडे घरोघरी सांगतात. मी सर्जन मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, हीच भीती घालून बायका सुईविना राहतात आणि मग तुमच्या आत्यासारखं होतं, सुईने कॅन्सर पसरत नाही, उशिराने पसरतो. आईला मी तेच फोनवर सांगितलं, ती गप्प राहिली, पटलं की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आली.

खोलीत अंधार, फक्त सोनोग्राफीची स्क्रीन. मला जरा कुशीवर वळवलं, डावा हात डोक्याखाली. गार औषधाने पुसलं, मग बधीर करायचं इंजेक्शन, ते चुरचुरलं, खरं तर दुखलं ते एवढंच. मॅडमनी आधीच सुईच्या यंत्राचा आवाज हवेत ऐकवून दाखवला, खट्, स्टेपलर मारल्यासारखा, म्हणजे आत वाजेल तेव्हा दचकू नये म्हणून. मग खट्, थांबा, खट्, असं पाच वेळा. आत कुणीतरी ढकलतंय एवढंच कळत होतं. वन्सं माझं पाऊल धरून उभ्या होत्या. झाल्यावर सिस्टरने बाटली दाखवली, औषधाच्या पाण्यात पाच बारीक पांढरे धागे, अगदी शिजलेल्या शेवईच्या तुकड्यांसारखे, आणि बाटलीवर माझं नाव, वय, डावी बाजू असं पेनाने लिहिलेलं. त्या धाग्यांकडे बघून मला वाटलं एवढंसं आहे हे, आणि ह्याच्यासाठी मी अकरा दिवस जीव जाळला.

दहा मिनिटं दाबून धरलं, पट्टी लावली, बर्फ दिला, दोन तासांत आम्ही जेवायला बसलो होतो. टाका नाही. आठवडाभर तिथे निळं हिरवं होतं, बस. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं तेवढं मात्र विसरू नका. बारीक सुईची एक तपासणी असते, एफएनएसी, तिच्यात नुसत्या पेशी येतात, ही जाड सुईची कोअर बायोप्सी म्हणतात तिच्यात तुकडा येतो, आणि कॅन्सर निघालाच तर तो कुठल्या प्रकारचा, कुठलं औषध लागू पडेल हे त्या तुकड्यावरच कळतं. म्हणून शक्य असेल तिथे कोअर मागा.

रिपोर्टला पाच दिवस. त्या पाच दिवसांत समजलं की आजूबाजूच्या कितीतरी जणींना गाठ होऊन गेलीये आणि कुणी कधी बोललं नव्हतं. दहातल्या साधारण आठ गाठी कॅन्सरच्या नसतात. शाळेतल्या एका मॅडमच्या लेकीला १९ व्या वर्षी फायब्रोॲडिनोमा होती, लग्नाच्या मुलीचं कुठे कळायला नको म्हणून तिला लांबच्या शहरात नेऊन दाखवलं होतं, त्या वयात ही गाठ अगदी कॉमन आहे आणि लग्नाशी, मुलं होण्याशी, पाजण्याशी तिचा काही संबंध नाही, पण त्या पोरीने दोन वर्षं लपवाछपवीत काढली. चुलत जावेला बाळंतपणानंतर दूध साकळून गळू झालं होतं, ताप आला, सोनोग्राफीत बघून सुईने पू काढला आणि औषध दिलं, बाळाला पाजायचं बंद करू नका असं उलट डॉक्टरांनी सांगितलं. आपल्याकडे क्षयाचीही गाठ होते स्तनात, ती टीबीच्या औषधांनी बरी होते. मार लागून चरबीची गाठ होते. पुरुषांनाही होतो हा कॅन्सर, ह्याच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो, म्हणून घरातल्या बाप्यांनीही छातीत गाठ लागली तर हसण्यावारी नेऊ नये.

माझा रिपोर्ट फायब्रोॲडिनोमा आला. तिन्ही गोष्टी जुळल्या. आई म्हणाली, आता काढूनच टाक एकदाची. मॅडम म्हणाल्या गरज नाही, ही कॅन्सरमध्ये बदलणारी गाठ नाही, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करू, भराभरा वाढली, तीनेक सेंटीमीटरच्या वर गेली किंवा तुम्हाला मनाला सहन होईना तर काढू, नाहीतर उगाच व्रण कशाला. भराभरा वाढणाऱ्यात फायलॉडिस नावाची एक वेगळी गाठ असते, ती मात्र काढावीच लागते, म्हणून लक्ष ठेवायचं. माझी आहे तिथे आहे. आता अंघोळीला हात लागतो तेव्हा पोटात गोळा येत नाही.

आणि कॅन्सर निघाला तर? तर आत्याचं ऐका. तिचा ब्लॉक तपासला त्यात ईआर, पीआर पॉझिटिव्ह, हर टू निगेटिव्ह. म्हणजे तिची गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी होती, तिला हार्मोनची गोळी लागू पडणार होती. हर टू हे गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन, ते पॉझिटिव्ह असतं तर त्याचं वेगळं इंजेक्शन असतं, ते बहुतेक वर्षभर चालतं. आत्याने आधी हात जोडले होते, सगळं काढून टाका, मला ते नकोच. तिथल्या डॉक्टरांनी तिला दोनदा बसवून समजावलं की फक्त आजाराचा भाग काढून पुढे रेडिएशन दिलं तर आयुष्याच्या दृष्टीने पूर्ण स्तन काढण्याएवढंच चांगलं आहे. हे काही आजचं नाही, अमेरिकेत आणि इटलीत झालेल्या मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल २००२ सालीच आलेत. काहींना पूर्ण काढावंच लागतं, गाठ मोठी असते, एकापेक्षा जास्त ठिकाणी असते, पण बाईला विचारल्याशिवाय आणि समजावल्याशिवाय सरसकट काढू नये असं मला आता ठामपणे वाटतं. आत्याचा स्तन राहिला. राहिलेली कड काढली, काखेतल्या गाठी तपासल्या, दोनांत आजार निघाला म्हणून केमो झाली. केस गेले तेव्हा ती पदर घट्ट घेऊन हरिपाठ म्हणत बसायची. मग रेडिएशनचे १५ दिवस, त्यासाठी तीन आठवडे डोंबिवलीला भाच्याकडे, रोज लोकलने परळ. आता रोज रात्री लेट्रोझोलची एक गोळी, तीच ती हार्मोनची, आणि हाडांसाठी कॅल्शियम. पाळी चालू असलेल्यांना बहुतेक टॅमॉक्सिफेन देतात. खर्चाचं म्हणाल तर बराचसा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला, रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, पहिल्याच दिवशी भेटा, आधी खिशातून भरून मग धावपळ करू नका.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतल्या गरीब वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांवर अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या. निम्म्या जणींची छाती प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसती हाताने तपासली, मशीन नाही, काही नाही. २० वर्षांनी हिशेब केला, २०२१ मध्ये छापून आलं, तपासलेल्या बायकांचे आजार लवकरच्या पायरीवर सापडले आणि पन्नाशीच्या वरच्यांमध्ये ह्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तेवढा फरक दिसला नाही, तेही खरं. पण शिकवलेल्या हातांनी एवढं होतं, तर आपल्या गावातल्या उपकेंद्रात नर्सताई तपासायला बोलावतात तेव्हा लाजून घरी बसू नका गं.

स्वतः बघायचं तर पाळी संपल्यावर चार दिवसांनी, तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नाही, चिमटीत धरून तर अजिबात नाही, कारण चिमटीत धरलं की सगळंच गाठ वाटतं. काखेपर्यंत. आरशासमोर हात वर करून खळी पडते का, निपल नव्याने आत ओढलं गेलंय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीये का, निपलमधून रक्तासारखं येतंय का. आधी नव्हतं आणि आता आहे असं काहीही.

गेल्या रविवारी आत्याचा फोन आला. तिच्या दिंडीतली एक बाई, ६२ वर्षांची, पाच महिन्यांपासून गाठ घेऊन फिरतेय, आत्यालाच पहिल्यांदा सांगितलं. दुखत नाही म्हणाली. आत्या म्हणाली, मग मी तिला सांगितलं, मलाही दुखत नव्हती. गुरुवारची वेळ घेतलीये, माझी रजा मंजूर झालीये, वन्संही येणार आहेत. तिला निरोप दिलाय की पावडर लावू नकोस, रेशन कार्ड घे आणि कुणी आधी कापतो म्हणालं तर हो म्हणू नकोस.